कशात टाकू?

जून उजाडला की आमच्या सीएंचा फोन येतो. नवऱ्याचे शाळेपासूनचे मित्र, त्यामुळे 'कशा आहात' वगैरे नाही, थेट प्रश्न: "वहिनी, हे कशात टाकू?" म्हणजे हातात बिल आहे आणि ते खर्चात धरायचं की मालमत्तेत, हे ठरत नाहीये. यंदा तीन कागद होते. साठ हजारांचा नवा लॅपटॉप, एका सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी, आणि एका मुलीला सहा महिने दिलेल्या पैशांच्या पावत्या. लॅपटॉप मालमत्तेत गेला, वर्गणी खर्चात गेली. तिसऱ्यापाशी ते थांबले.

"ही मुलगी काय करत होती?"

"अण्णांच्या वह्या कॉम्प्युटरवर उतरवत होती."

"जुन्या वह्या? त्यात काय आहे एवढं?"

मी सांगायला लागले आणि लक्षात आलं, हे उत्तर फोनवर मावणारं नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. १९८४ साली त्यांनी कोथरूडला आठ बाय दहाच्या गाळ्यात जागांच्या व्यवहाराचा धंदा सुरू केला. पाटीवर 'इस्टेट एजंट' होतं, लोकांच्या तोंडी 'दलाल'. १९९६ मध्ये मी गाळ्यात बसायला लागले, तेव्हा तिथली सगळी यंत्रसामग्री म्हणजे एक काळा फोन, एक पंखा आणि लाल कापडी बांधणीची लांब वही. रविवारच्या पेपरातल्या छोट्या जाहिराती अण्णा पेनानं खुणा करत वाचायचे आणि कामाच्या वहीत उतरवायचे. माझ्या हाती किल्ल्यांचा जुडगा देताना त्यांनी धंद्याचं सगळं अर्थशास्त्र एका दमात सांगितलं होतं. "दलालाचं भांडवल दोनच. जीभ आणि चपला. जीभ झिजत नाही. चपलांना वर्षातून दोनदा पैसे पडतात."

या हिशेबात मोबाइल बसत नव्हता. २००० साली मी पहिला हँडसेट घेतला तेव्हा येणाऱ्या फोनलाही मिनिटामागे पैसे पडत. अण्णांना ते कळेचना. "फोन लोकांनी करायचा आणि पैसे आपण भरायचे? ही कुठली रीत?" मी तरी काय करायचे, नंबर बघायचा, फोन कापायचा आणि जवळच्या पिवळ्या बूथवर जाऊन उलट फोन लावायचा. २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले आणि घरातला वाद आपोआप मिटला. पण त्या तीन वर्षांत मला एक दिसलं होतं. आमचा गाळा दुपारी एक ते चार बंद असायचा. त्या तीन तासांत फोन करणारी माणसं आम्हाला कधी दिसलीच नव्हती. ती दुसऱ्याकडे जात होती, आणि न झालेल्या व्यवहाराची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

मग २००५ मध्ये डिजिटल कॅमेरा आला. त्याआधी एका पार्टीला रविवारी आठ-नऊ फ्लॅट दाखवायचे, कायनेटिकवर डहाणूकर कॉलनी ते बावधन आणि परत. संध्याकाळी पार्टी म्हणणार, "पहिला बरा होता. दुसरा कुठला होता हो, हिरव्या दाराचा?" फोटो आल्यावर निम्मे फ्लॅट गाळ्यातच बाद होऊ लागले. पेट्रोल वाचलं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसं दमायच्या आत निर्णयापर्यंत यायला लागली. एका मालकांनी मात्र मला फैलावर घेतलं. छतावरची ओल मी फोटोत का घेतली म्हणून. मी म्हटलं, "पावसाळ्यात ती स्वतःच दाखवणार आहे." तो फ्लॅट विकायला वेळ लागला. पण तो न घेणारी पार्टी दुसरा फ्लॅट बघायला माझ्याकडेच परत आली.

इथवर पैसा घातला आणि पैसा निघाला. त्यामुळे मला वाटायला लागलं, की यंत्र घेतलं म्हणजे गुंतवणूक झालीच. हा भ्रम २००८ मध्ये पस्तीस हजारांना उतरला.

ओळखीतल्या एका मुलानं आम्हाला वेबसाइट करून दिली. पहिल्या पानावर शनिवारवाडा, त्यावरून सरकत जाणारी अक्षरं आणि खाली कोपऱ्यात किती लोक येऊन गेले त्याचा आकडा. आकडा रोज वाढायचा, कारण रोज सकाळी मीच ती उघडून बघायचे. दोन वर्षांनी मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला, नूतनीकरणाची तारीख चुकली आणि साइट बंद पडली. नाव सोडवायला गेले तेव्हा कळलं, आमच्या दुकानाच्या नावाची ती इंटरनेटवरची जागा त्या मुलाच्या नावावर नोंदलेली होती. दिवसभर लोकांना "सातबारा बघितल्याशिवाय टोकन देऊ नका" म्हणून बजावणारी बाई मी. आणि इथे सातबारा दुसऱ्याचा, कसत होते मी. खरं कूळ असते तर कायद्यानं काही हक्क तरी सांगता आला असता.

त्या दिवसापासून मी धंद्यासाठी घ्यायच्या प्रत्येक यंत्राकडे आणि सॉफ्टवेअरकडे फ्लॅट बघितल्यासारखं बघते. नावावर कोणाच्या होणार? मेंटेनन्स किती? आणि उद्या सोडायचं ठरवलं तर माझं सामान मला बाहेर नेता येईल का? विकायला येणारी मुलं सॅम्पल फ्लॅट दाखवतात तसा पडद्यावर लखलखीत नमुना दाखवतात. मी विचारते, "माझी सगळी नोंद एका साध्या तक्त्यात मला परत काढून मिळेल?" निम्मे तिथेच चाचरतात.

त्यानंतर पोर्टलांचा काळ आला. तिथे जाहिरातीचं पॅकेज घ्यायचं, मग आपल्याला फोननंबर मिळतात. आमच्या भाषेत लीड. एकदा अशाच एका लीडला मी दहा मिनिटांत फोन केला, तर पलीकडचे गृहस्थ वैतागून म्हणाले, "बाई, तुम्ही सातव्या आहात." तोच नंबर आम्हा सात जणांना विकलेला होता. मी चिडले, पॅकेज बंद केलं, आणि दोन महिन्यांनी मुकाट पुन्हा घेतलं, कारण हिंजवडीतल्या नोकरीसाठी नागपूर-लातूरहून येणारी मुलं गाळ्याची पाटी वाचत येत नाहीत, आधी मोबाइलवर घर शोधतात.

दर रविवारी एखादं तरुण जोडपं मला विचारतं, भाडं भरत राहावं की हप्ता चालू करावा? मी त्यांना सांगते, भाडं म्हणजे वाया गेलेले पैसे नव्हेत, भाड्यानं आजची सोय होते. फक्त भाडं भरता भरता आपलं घर होतंय, असं समजू नका. स्वतःच्या धंद्यात हे कळायला मला पस्तीस हजार आणि त्या गृहस्थांचा टोमणा लागला. पोर्टल हे भाडं आहे. पॅकेज थांबलं की फोन थांबतो. भाडं कितीही नेमानं भरा, भाडेकरू मालक होत नाही. मग आपल्या मालकीचं काय, हा प्रश्न उरला.

त्याचं उत्तर विकत मिळेल, या आशेनं २०१८ मध्ये ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं एक मोठं सॉफ्टवेअर घेतलं. माणशी दरमहा वर्गणी, आम्ही तिघं. मी आणि कामाला असलेली दोन मुलं. त्यात मालक, गिऱ्हाईक, भेटी, आठवणी, सगळ्याला कप्पे होते. सात महिन्यांनी उघडून बघते तर माझ्या नोंदी सोडल्या तर सगळे कप्पे रिकामे. रिकाम्या फ्लॅटलाही मेंटेनन्स भरावाच लागतो, तशी वर्गणी मात्र नेमानं जात होती.

मी मुलांना आळशी म्हणून झापलं. त्यांतला एक शांतपणे म्हणाला, "मॅडम, माझ्याकडचे ओनर मी यात टाकले, तर उद्या माझी गरज काय?" तो रोज शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी घेऊन फिरायचा. ती त्याची इस्टेट होती, आणि मी त्याला ती माझ्या नावावर करून दे म्हणत होते, फुकटात. मी तरी दिली असती का?

सॉफ्टवेअर बंद केलं आणि नियम बदलला. ज्यानं मालकाची नोंद भरली, त्याला त्या जागेच्या प्रत्येक व्यवहारात वाटा. व्यवहार दुसऱ्यानं केला तरी. आणि नोकरी सोडून गेल्यावरही वर्षभर. नोंदीसाठी साधा एक्सेलचा तक्ता घेतला, अकरा रकान्यांचा. तीन महिन्यांत तो तक्ता भरला, जो फुकट होता, आणि ज्यासाठी पैसे मोजले होते ते रिकामं राहिलं होतं. तेव्हा कळलं, यंत्राला दिलेले पैसे म्हणजे नुसती विसारपावती. खरी रक्कम नंतर भरायची असते, रोज थोडी, संध्याकाळी घरी जाण्याआधीच्या वीस मिनिटांत.

त्या अकरा रकान्यांतला सर्वांत कमाऊ रकाना कुठला? 'करार संपण्याची तारीख'. आपल्याकडे बहुतेक भाडेकरार अकरा महिन्यांचे. करार संपत आल्याचं मालकालाही आठवत नाही आणि भाडेकरूलाही. दोन महिने आधी मी दोघांना फोन करते. राहायचंय का? वाढ किती? सोडणार असाल तर दुसरं घर कुठे बघू? त्या एका तारखेवर वर्षभराचं गाळ्याचं वीजबिल, पगार आणि चहा निघतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं बंधनकारक आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. पूर्वी त्यासाठी मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांची मोट बांधून दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं. अर्धा दिवस हमखास मोडायचा, वीज गेली तर पूर्ण. ऑनलाइन नोंदणी सुरू झाल्यावर मी अंगठ्याचं यंत्र आणि वेबकॅम घेतला. काही हजारांचा मामला. आता लॅपटॉप पिशवीत घालून मीच घरोघर जाते. मी घेतलेल्या सगळ्या यंत्रांत पैसे सर्वांत लवकर कोणी फेडले असतील, तर या काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या डबीनं.

पण तिनंच मला एकदा खाली मान घालायला लावली. मयूर कॉलनीतल्या एक निवृत्त शिक्षिका, वय ब्याऐंशी. वरचा मजला भाड्यानं द्यायचा होता. त्यांचा अंगठा यंत्र घेईना. ओल्या फडक्यानं पुसला, क्रीम लावलं, दुसरं बोट, तिसरं बोट. वयानं रेषा पुसट होतात. भाडेकरू मुलगा घड्याळ बघायला लागला. बाई हसत म्हणाल्या, "चाळीस वर्षं लोकांना सही करायला शिकवलं गं मी. साक्षरता वर्गात अंगठे सोडवले त्यांचे. आणि आता तू माझ्याकडे अंगठा मागतेस, आणि तोही माझा नाही म्हणतेस!" शेवटी अनामिकेनं काम झालं. घरी येऊन मी तक्त्यात त्यांच्या नावापुढे लिहायला गेले, 'उजवी अनामिका चालते', तर त्याला रकानाच नव्हता. तेव्हा ते मी मनातच ठेवलं.

२०२० मध्ये गाळा अडीच महिने बंद होता. मग १ सप्टेंबरपासून राज्य सरकारनं मुद्रांक शुल्क ३१ डिसेंबरपर्यंत तीन टक्क्यांनी आणि पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी कमी केलं, आणि जणू धरणाचा दरवाजा उघडला. घर बघायला यायची सोय नाही, घ्यायची मात्र घाई. माझ्या ओळखीतल्या एकानं त्या काळात फिरते कॅमेरे, चष्मा लावून घर बघायची यंत्रं असं बरंच घेतलं. मी साधा मोबाइल घेऊन फिरले. मूळचा सांगलीचा, दोह्यात असलेला एक इंजिनिअर मला व्हिडिओवर सांगायचा, "काकू, नळ सोडा. धार दिसू दे. आता पार्किंगमध्ये उभ्या राहा, गाडी कुठून वळते ते दाखवा." मग म्हणाला, "रात्री नऊला पुन्हा जाल? पौड रोडचा आवाज किती येतो ते ऐकायचंय." गेले. मुखत्यारपत्र भावाच्या नावे करून त्यानं तो फ्लॅट घेतला, घरात पाऊल न ठेवता. पण हे जमलं कशामुळे? फोनमुळे नव्हे. टाळेबंदी उठल्या दिवशी कुठल्या फ्लॅटची किल्ली कोणाकडे आहे, मालक कुठे अडकलाय, हे तक्त्यात भरलेलं होतं म्हणून. यंत्रं त्या ओळखीच्या एजंटाकडे माझ्याहून कितीतरी चांगली होती. त्याचे तीन आठवडे किल्ल्या शोधण्यात गेले.

या तक्त्याला जोखीमही आहे. लोकांचे आधारचे फोटो, पॅनकार्डं, घरात म्हातारी एकटी आहे ही माहिती, हे सगळं आमच्या लॅपटॉपवर येऊन पडतं. करार नोंदला की कागदांचे फोटो मी पुसून टाकायला लावते, आणि नोंदींची एक प्रत दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर जाते. किल्ल्यांचा नियमच आहे हा. दुसऱ्याच्या घराची किल्ली कामापुरतीच ठेवायची, आणि स्वतःच्या घराची एक जास्तीची करून ठेवायची.

आता गंमत अशी, की अण्णांच्या काळी ज्या माहितीवर दलाल जगायचा, ती बहुतेक उघडी झाली आहे. शेजारचा फ्लॅट कितीला गेला हे इंडेक्स टूवर दिसतं. रेडी रेकनर, सातबारा, सगळं घरबसल्या. २०१७ पासून महारेराच्या साइटवर प्रकल्पाची नोंदणी, मंजुऱ्या, पूर्ण होण्याची तारीख. ऑगस्ट २०२३ पासून बिल्डरच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा. त्याच वर्षी आम्हा एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. पंचावन्नाव्या वर्षी मी माझ्या मुलाच्या वयाच्या पोरांमध्ये बसून कॉम्प्युटरवर परीक्षा दिली. शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "काकू, सोबत आलात का कोणाच्या?" पास झाले. पण अभ्यास करताना सारखं वाटत होतं, ही सगळी माहिती आता पार्टीच्याही खिशात आहे. मग माझ्याकडे येतील ते कशासाठी?

यंदा वर्गणी भरली ते सॉफ्टवेअर जाहिराती लिहितं. दोन ओळी द्या, ते दहा लिहून देतं, छान मराठीत. एका फ्लॅटला त्यानं 'प्रशस्त बाल्कनी' बहाल केली. ती बाल्कनी मालकानं पूर्वीच हॉलमध्ये घेतली होती. नवीन लागलेल्या मुलासारखंच आहे ते. गोड बोलतं, आणि साइट न बघता बोलतं. त्यामुळे त्याची प्रत्येक ओळ मी तपासते. त्याला जे ठाऊक नाही, ते कुठल्या सरकारी साइटवरही नाही, पोर्टलवरही नाही. ते आहे अण्णांच्या चौदा वह्यांत.

कोथरूडच्या जुन्या सोसायट्या सध्या एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्यात. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी अण्णांनी विकून दिलेले फ्लॅट. मालक वारले, मुलं परदेशी, भावाभावांत बोलणं नाही, शेअर सर्टिफिकेट कुठे ते माहीत नाही. गेल्या वर्षी एका सोसायटीचे सेक्रेटरी गाळ्यात आले. एका बंद फ्लॅटच्या वारसांचा पत्ता काही लागत नव्हता. मी १९८७ ची वही काढली. अण्णांच्या बारीक अक्षरात मालकाचं नाव, पैसे किती, आणि समासात: 'थोरली बहीण मिरजेस दिली. सल्ला तिचाच.' मिरजेतून तिसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला, आणि वारसांचा पत्ता लागला.

त्याच आठवड्यात मी त्या मुलीला कामावर घेतलं. बी.कॉम.ला आहे, अण्णांचं अक्षर तिला पहिल्या महिन्यात लागेना, मग लागायला लागलं. तक्ता तिच्यापुढे होताच, अकरा रकान्यांचा. नाव, पत्ता, मजला, रक्कम, तारीख भराभर बसत गेलं. एका दुपारी ती वही उचलून माझ्या टेबलापाशी आली. समासातली ओळ दाखवली: 'कुत्रा आहे. बेल दोनदा. बाईंशी बोलावे, निर्णय त्यांचा.' त्याखाली दुसरी: 'पैशांची निकड आहे, पार्टीस कळू देऊ नये.'

"काकू, हे कशात टाकू?"

सीएंना मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्यांनीच हिशेब करून टाकला. लॅपटॉपला आयकरात वर्षाला चाळीस टक्के घसारा, म्हणजे साठचे पहिल्या वर्षी छत्तीस, मग एकवीस हजार सहाशे, तिसऱ्या वर्षाअखेर तेराच्याही आत. आणि मुलीचे पैसे? "पगारात टाकतो, वहिनी. खर्चच आहे तो." मी म्हटलं, टाका. वह्यांची किंमत त्यांच्या कागदावर शून्य आहे आणि शून्याला घसारा लागत नाही.

तक्त्यात मात्र आता बारा रकाने आहेत. शेवटच्याला नाव दिलंय 'शेरा'. मुलगी अण्णांच्या पाचव्या वहीवर आहे, आणि तो रकाना ती त्यांच्याच शब्दांत भरते, एक अक्षर न बदलता. त्यात मी स्वतःच्या हातानं घातलेली पहिली नोंद मयूर कॉलनीची आहे: 'उजवी अनामिका चालते. घाई करू नये.'